जिल्हा परिषद शाळांमधली उपक्रम आखणी आणि अनुदान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळांचे मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि तालुका-जिल्हा पातळीवर शिक्षणाचं नियोजन पाहणाऱ्यांसाठी आहे. शाळांसाठी पैशाची दारं बरीच आहेत. मागणी चुकीच्या दारात किंवा चुकीच्या महिन्यात गेली, की ती तिथेच पडून राहते. म्हणून इथे दर आणि नियमांइतकाच भर वेळापत्रकावर आणि कागदपत्रांवर दिला आहे.

शाळेला पैसा नेमका कुठून मिळू शकतो?

सगळ्यात मोठा आणि नियमित स्रोत म्हणजे समग्र शिक्षा ही शालेय शिक्षणाची योजना. सर्व शिक्षा अभियान, राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक शिक्षण या तीन योजना 2018 मध्ये एकत्र करून ती सुरू झाली. महाराष्ट्रात केंद्र सरकारचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के. राज्यात ती महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेमार्फत चालते.

त्याशिवाय जिल्हा नियोजन समितीकडून वर्गखोल्या बांधायला आणि दुरुस्तीला निधी मिळतो. जिल्हा परिषदेचा स्वतःचा सेस (उपकर) आहे, ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाचा निधी आणि स्वउत्पन्न आहे, कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीपोटी द्यायचा निधी) आहे आणि लोकवर्गणी आहे. निवड झालेल्या शाळांना 2022 पासून पीएम श्री या आदर्श शाळा योजनेचा वेगळा निधी मिळतो.

कोणत्या कामासाठी कुठे जायचं, याचा ढोबळ नियम असा: रोजचा खर्च समग्र शिक्षेतून, भिंती आणि छत जिल्हा नियोजनातून, पाणी आणि शौचालय ग्रामपंचायतीतून, आणि नवा शैक्षणिक प्रयोग सीएसआर किंवा जिल्हास्तरीय नावीन्यपूर्ण निधीतून.

संयुक्त शाळा अनुदान किती मिळतं?

हे शाळेच्या रोजच्या खर्चासाठीचं समग्र शिक्षेचं वार्षिक अनुदान. ते पटावर, म्हणजे नोंदलेल्या मुलांच्या संख्येवर ठरतं. समग्र शिक्षेच्या सुधारित आराखड्यातले वार्षिक दर असे आहेत: 30 पर्यंत पट असेल तर 10,000 रुपये, 31 ते 100 ला 25,000, 101 ते 250 ला 50,000, 251 ते 1000 ला 75,000 आणि त्यापुढे 1,00,000. यातला किमान 10 टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो.

ग्रंथालय अनुदान वेगळं असतं (शाळेच्या स्तरानुसार 5,000 ते 20,000). क्रीडा अनुदानही वेगळं: प्राथमिकला 5,000, उच्च प्राथमिकला 10,000 आणि माध्यमिकपासून पुढे 25,000 पर्यंत.

हे आराखड्यातले कमाल दर आहेत. हातात येणारी रक्कम त्या वर्षीच्या मंजुरीवर अवलंबून असते आणि बऱ्याचदा हप्त्यांत येते. त्यामुळे आराखड्यातला आकडा गृहीत धरून आधी उधारीवर खरेदी करू नका. वितरणाचं पत्र हातात येईपर्यंत शाळेकडे पैसे नाहीत असंच समजा.

78 पटाच्या शाळेने 25,000 रुपये कसे लावावेत?

एक शक्य वाटणी अशी. वीजबिल महिना 600 धरून वर्षाचे 7,200. स्वच्छता 3,500, म्हणजे साबण, फिनेल, ब्रश, नळाच्या तोट्या आणि टाकीची सफाई. अध्ययन-अध्यापन साहित्य 5,000. छपाई आणि इंटरनेट 4,000. किरकोळ दुरुस्ती 4,000. प्रथमोपचार पेटी आणि इतर 1,300. स्वच्छतेची किमान मर्यादा 2,500 आहे, इथे ती ओलांडली गेली आहे.

पहिला हप्ता निम्माच आला, तर आधी वीजबिल आणि स्वच्छता उरकून घ्या. दुरुस्ती थांबू शकते, पण तोडलेलं मीटर पुन्हा जोडून घेण्यात आठवडे जातात. वीजबिलावरचा दरगटही एकदा नीट वाचा. शासकीय शाळेला सार्वजनिक सेवा गटाचा दर लागायला हवा. बिलावर व्यापारी गट दिसत असेल तर महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या, सोबत शाळा जिल्हा परिषदेची असल्याचं गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र जोडा.

मागणी वर्षातून कधी करायची?

बहुतेक शाळांचं घोडं इथेच अडतं. छप्पर जूनच्या पावसात गळतं, अर्ज जुलैत जातो आणि त्या वर्षीची मंजुरी तोपर्यंत होऊन गेलेली असते.

समग्र शिक्षेची वार्षिक कार्ययोजना आणि अंदाजपत्रक शाळा, केंद्र (जवळपासच्या शाळांचा गट), तालुका, जिल्हा, राज्य असं वर चढतं. शेवटी दिल्लीत प्रकल्प मान्यता मंडळापुढे साधारण फेब्रुवारी ते मे या काळात त्यावर निर्णय होतो. म्हणजे तालुक्याच्या यादीत शाळेचं नाव हिवाळ्यातच लागायला हवं. शाळा विकास आराखडा आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी तयार असावा, असं शिक्षण हक्क कायद्याखालचे नियम सांगतात ते याचसाठी. 31 डिसेंबर ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

ग्रामपंचायतीचा विकास आराखडा त्याहून आधी, ऑक्टोबरपासूनच्या ग्रामसभांमध्ये आकार घेतो. कंपन्यांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. मोठे प्रकल्प पहिल्या तिमाहीत ठरतात, उरलेल्या रकमेसाठीची धावपळ जानेवारी-फेब्रुवारीत असते.

यू-डायस प्लस भरण्याचा अनुदानाशी काय संबंध?

यू-डायस प्लस म्हणजे शाळांची माहिती भरण्याची देशपातळीवरची ऑनलाइन प्रणाली. तिचा अनुदानाशी थेट संबंध आहे. पटाची संदर्भ तारीख 30 सप्टेंबर. 2022-23 पासून माहिती विद्यार्थीनिहाय भरावी लागते, त्यामुळे एखाद्या मुलाची नोंद राहिली तर तो अनुदानाच्या हिशोबातून गळतो. पट 31 असताना दोन नोंदी सुटल्या, तर शाळा 25,000 च्या गटातून 10,000 च्या गटात जाते. आधीच्या शाळेने ऑनलाइन नोंदीतून मूल सोडलं नसेल, तर ते तुमच्याकडे ओढता येत नाही. म्हणून हे काम सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यावर न टाकता जुलैतच करा.

दुसरी चूक भौतिक सुविधांची. शौचालय ‘आहे’ आणि शौचालय ‘वापरण्यायोग्य आहे’ हे दोन वेगळे रकाने आहेत. वर्गखोलीची स्थितीही चांगली, किरकोळ दुरुस्ती आणि मोठी दुरुस्ती अशी वेगवेगळी नोंदवायची असते. शाळा नीटनेटकी दिसावी म्हणून अनेक जण सगळं चांगलं आहे असं भरतात. मग दुरुस्तीचा प्रस्ताव गेला की वरून उत्तर येतं, तुमच्या माहितीनुसार गरज दिसत नाही. फोटो जोडून, विनंत्या करूनही त्या वर्षी फारसं काही होत नाही, कारण जिल्ह्याची मागणी त्याच माहितीवरून काढली जाते. जे मोडलं आहे ते मोडलं म्हणूनच नोंदवा. यात शाळेची बदनामी नाही.

शाळा व्यवस्थापन समितीचा यात नेमका अधिकार काय?

समिती शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 खाली स्थापन होते, शाळा विकास आराखडा कलम 22 खाली. तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांतून आणि मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव. बैठक महिन्यातून किमान एकदा, समितीची पुनर्रचना दर दोन वर्षांनी.

खर्चासाठी ठराव लागतो आणि खातं अध्यक्ष व सचिवांच्या संयुक्त सहीने चालतं. ठरावात कामाचं नाव, कमाल रक्कम आणि कोणत्या अनुदानातून, या तीन गोष्टी हव्यातच. ‘आवश्यक ते साहित्य खरेदी करण्यास मान्यता’ असा ठराव लेखापरीक्षणात टिकत नाही. अध्यक्षांचं मूल सातवीतून बाहेर पडलं की त्यांचं पालकत्व संपतं आणि सहीही अडते. ते एप्रिलमध्येच ओळखून बँकेतला सहीबदल करून घ्या.

नव्या उपक्रमाचा प्रस्ताव कसा लिहावा?

पैसा कुठून आणायचा हा प्रश्न सर्वात शेवटी घ्या. आधी मुलांना काय येत नाही ते मोजा. ‘वाचनाची गोडी लावणे’ हे उद्दिष्ट मोजता येत नाही. ‘दुसरी ते पाचवीतल्या मुलांपैकी इयत्तेचा उतारा सलग वाचू शकणाऱ्यांचं प्रमाण आज इतकं, मार्चअखेर इतकं’ हे मोजता येतं. पायाभूत चाचणीशिवाय प्रस्ताव पाठवूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. सुरुवातीचा आकडा नसेल तर शेवटी सुधारणा झाली हे दाखवता येत नाही आणि दुसऱ्या वर्षाचा निधी तिथेच थांबतो.

उदाहरणादाखल 12 शाळांच्या एका केंद्राचा वाचन उपक्रम घेऊ. दुसरी ते पाचवीची मिळून 480 मुलं. (भाव आपापल्या भागाप्रमाणे बदलून घ्यावेत.)

प्रत्येक शाळेला 150 पुस्तकं, सरासरी 60 रुपये दराने 9,000, म्हणजे 12 शाळांचे 1,08,000. 30 शिक्षकांची तीन दिवसांची कार्यशाळा, चहा-जेवण आणि साहित्य धरून माणशी रोज 250, एकूण 22,500. आधीची आणि नंतरची चाचणी, प्रत्येकी 5 रुपये छपाई, 4,800. साधनव्यक्तीच्या (शिक्षकांना मार्गदर्शन करणाऱ्याच्या) प्रत्येक शाळेला आठ भेटी, भेटीमागे 150 प्रवास, 14,400. पुस्तकांना कव्हर, डिंकपट्टी, देवघेव नोंदवही शाळेमागे 500, म्हणजे 6,000. एकूण 1,55,700 रुपये, दर मुलामागे सुमारे 324.

यातल्या दोन बाबी सगळे विसरतात. एक म्हणजे भेटींचा प्रवासखर्च. तो नसेल तर ऑक्टोबरनंतर शाळेत कोणी जात नाही आणि पुस्तकं कपाटात राहतात. दुसरी म्हणजे पुस्तकांची डागडुजी. दुसरीच्या मुलांच्या हाती पुस्तक फाटणारच. ते फाटेल म्हणून कुलपात ठेवायचं की चिकटवून पुन्हा द्यायचं, हे त्या 500 रुपयांवर ठरतं.

प्रस्ताव चार-पाच पानांच्या वर नेऊ नका. पहिल्या पानावर शाळांची यादी यू-डायस क्रमांकासह, मुलांची संख्या, आजची चाचणीची स्थिती, मागितलेली रक्कम आणि जबाबदार व्यक्तीचं पद. मग महिनावार कामं, अंदाजपत्रक आणि मोजमापाची पद्धत. हाच विषय निपुण भारत (पायाभूत वाचन-गणिताच्या) अभियानात आधीच मंजूर आहे का, हेही तपासा. तिथे मुलामागे 500 रुपयांपर्यंत अध्ययन साहित्याची तरतूद आहे. त्याच साहित्यासाठी दुसरीकडे पैसे मागितले तर दुबार खर्चाचा आक्षेप येतो.

सीएसआर निधी मागताना कंपनी काय पाहते?

कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार निव्वळ मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. शिक्षण त्या यादीत आहेच.

कंपनी पैसे थेट शाळेच्या खात्यात क्वचितच देते. सहसा ती संस्थेमार्फत काम करते आणि त्या संस्थेकडे सीएसआर-1 (कंपनी कामकाज मंत्रालयाकडची) नोंदणी असावी लागते. ही अट 1 एप्रिल 2021 पासून आहे. शाळेच्या दारात आलेल्या संस्थेला हा क्रमांक पहिल्याच भेटीत विचारा. वर्गखोलीसारखी मालमत्ता तयार होणार असेल तर ती कोणाच्या नावावर राहणार हे करारात लिहिलेलं हवं. सार्वजनिक प्राधिकरण म्हणून जिल्हा परिषदेच्या नावावर ती ठेवता येते.

करार मुख्याध्यापकांनी स्वतःच्या सहीने करू नये. प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे जाऊ द्या. करारात देखभाल कोण करणार, किती वर्षं, आणि उपकरण बिघडलं तर किती दिवसांत दुरुस्त होणार हे लिहून घ्या. स्मार्ट टीव्ही आणि सौर पॅनेल बसवून देणारे भरपूर भेटतात. तीन वर्षांनी बॅटरी बदलून देणारा मिळत नाही, म्हणून ते आधीच ठरवा.

परदेशात राहणारे माजी विद्यार्थी शाळेला पैसे पाठवू शकतात का?

पासपोर्ट कोणता, यावर ते ठरतं. भारतीय नागरिकत्व कायम असलेली व्यक्ती परदेशातल्या कमाईतून बँकेच्या नेहमीच्या मार्गाने देणगी देऊ शकते. तिच्या पासपोर्टची प्रत फाईलला लावा. ज्यांनी अमेरिका, ब्रिटन वगैरे देशांचं नागरिकत्व घेतलं, ते ओसीआय (मूळ भारतीयांना मिळणाऱ्या) कार्डाचे धारक असले तरी विदेशी अंशदान नियमन कायद्यात परकीय स्रोत ठरतात. परदेशात नोंदलेलं महाराष्ट्र मंडळही तसंच. शाळा व्यवस्थापन समितीकडे त्या कायद्याखालची नोंदणी नसते, त्यामुळे तिच्या खात्यात असा पैसा घेऊ नये.

मार्ग असा: नोंदणी असलेल्या भारतीय संस्थेने तो निधी घ्यावा आणि स्वतः शाळेत काम करून द्यावं. 2020 च्या दुरुस्तीनंतर ती संस्था हा पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला वर्ग करू शकत नाही. गावाच्या प्रेमापोटी कोणी पुतण्याच्या खात्यातून फिरवून पाठवायचं म्हणाला, तर समजावून सांगा आणि नाही म्हणा.

पीएफएमएसवर पैसे अडकतात ते का?

पीएफएमएस म्हणजे सरकारी पैशाच्या वितरणाची आणि खर्चाची ऑनलाइन प्रणाली. 2021 पासून समग्र शिक्षेचा पैसा राज्याच्या एकाच मुख्य खात्यात असतो. शाळेचं खातं शून्य शिल्लकीचं, शाळेला फक्त खर्चाची मर्यादा मिळते. एक वापरकर्ता नोंद करतो, दुसरा मंजुरी देतो. दोन्ही पासवर्ड एकाच माणसाकडे, आणि तो माणूस तालुक्यातला संगणकचालक, ही पद्धत ताबडतोब बंद करा. पैशाची जबाबदारी शेवटी मुख्याध्यापकांवरच येते.

पैसे परत येण्याची नेहमीची कारणं म्हणजे दुकानदाराच्या नावात आणि बँकखात्यावरच्या नावात फरक, किंवा बँकांच्या विलीनीकरणानंतर बदललेला आयएफएससी कोड. दुकानदाराच्या आठवणीवर जाऊ नका, रद्द केलेला धनादेश मागा. आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात संकेतस्थळ रांगतं. 15 मार्चपर्यंत सगळी देयकं चढवून ठेवा, कारण न वापरलेली मर्यादा 31 मार्चनंतर शाळेकडे राहत नाही.

खरेदीची कागदपत्रं कोणत्या क्रमाने असावीत?

गरजेची नोंद, समितीचा ठराव, तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, साहित्य मिळाल्याची तपासणी, साठा नोंदवहीत नोंद, बिलावर नोंदवहीचं पान आणि क्रमांक, मग देयक, शेवटी कीर्दीत (रोजच्या जमा-खर्चाच्या वहीत) नोंद. या तारखा पुढे पुढे सरकत जायला हव्यात. ठरावाच्या आधीच्या तारखेचं बिल हा सर्वाधिक आढळणारा आक्षेप आहे.

तीनही दरपत्रकं एकाच हस्ताक्षरात किंवा एकाच टायपात असतील तर तपासणारा ती एका नजरेत ओळखतो. मर्यादेखाली राहण्यासाठी एकाच खरेदीचे दोन तुकडे पाडणं ही गंभीर अनियमितता धरली जाते. किती रकमेपर्यंत दरपत्रक चालतं आणि कधी जेम हे सरकारी खरेदीचं संकेतस्थळ किंवा ई-निविदा लागते, हे त्या वर्षीच्या वितरण पत्रात दिलेलं असतं. पत्राची प्रत खरेदीच्या फाईलमध्ये सर्वात वर ठेवा.

नवी वर्गखोली मंजूर झाली, पण काम सुरू होत नाही. असं का?

बहुधा जुन्या खोलीचं निर्लेखन, म्हणजे निरुपयोगी म्हणून नोंदीतून काढणं, झालेलं नसतं. मोडकळीला आलेली इमारत पाडायला अभियंत्याचा दाखला आणि जिल्हा परिषदेची निर्लेखन मंजुरी लागते. ती नसेल तर ठेकेदाराला जागाच मिळत नाही. दुसरं कारण जागेचं. शाळा पिढ्यान् पिढ्या उभी असते, पण सातबारा किंवा नमुना 8 (ग्रामपंचायतीची मालमत्तेची नोंद) यावर जागा शाळेच्या नावाने नसते. ही दोन कागदं मंजुरीची वाट न पाहता आताच करून ठेवा.

पुढे अंदाजपत्रक, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश असे टप्पे. जिल्हा वार्षिक योजनेतून जिल्हा परिषदेला मिळालेला निधी पुढच्या आर्थिक वर्षाच्या अखेरपर्यंत खर्च करता येतो. दोन वर्षं ऐकायला भरपूर वाटतात, पण त्यात दोन पावसाळे आणि कधी एखादी आचारसंहिता जाते. जोत्याचं काम चालू असताना समितीच्या एखाद्या जाणत्या पालकाने, शक्यतो गवंडीकाम करणाऱ्याने, जागेवर उभं राहावं. भिंत चढल्यावर पाया दिसत नाही.

ग्रामपंचायतीकडे काय मागता येतं?

15 व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 च्या निधीत 60 टक्के रक्कम पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवली होती. हात धुण्याची जागा, पाण्याची टाकी, शौचालय दुरुस्ती त्यात बसायची. उरलेल्या 40 टक्क्यांतून कुंपण किंवा फरसबंदी मागता यायची. स्वउत्पन्नातला 10 टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी असतो, 5 टक्के दिव्यांगांसाठी. शाळेतला उतार आणि कठडा या दुसऱ्या वाट्यातून होऊ शकतो. ग्रामसभेत तोंडी मागणी पुरत नाही. समितीचा ठराव आणि अंदाजे रक्कम लेखी द्या, आणि इतिवृत्तात ती आली का ते पाहून या.

मुख्याध्यापकांची बदली झाली तर?

पदभार यादीत कीर्द, धनादेश पुस्तिका, साठा आणि जडसंग्रह (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवह्या, अखर्चित रकमा अनुदाननिहाय, प्रलंबित देयकं, पासवर्ड आणि चालू प्रस्तावांच्या पोचपावत्या हव्यात. ‘सर्व दप्तर मिळाले’ एवढ्या एका ओळीवर सही करू नका. साठ्यातले संगणक आणि पुस्तकं मोजून घ्या. जे नाही ते नाही असं त्याच दिवशी लिहून गटशिक्षणाधिकाऱ्यांना कळवा. तीन वर्षांनी येणारी वसुली त्या वेळी खुर्चीवर असलेल्या माणसाकडेच विचारणा करते.

उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत दिलं नाही तर काय होतं?

हे निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याचं प्रमाणपत्र. ते राहिलं की पुढचा हप्ता थांबतो, आणि फक्त त्या शाळेचा थांबत नाही. तालुक्याचं प्रमाणपत्र सगळ्या शाळांचं मिळून जातं, म्हणून चार शाळा राहिल्या तरी शंभर शाळांची वाट अडते. केंद्रप्रमुखांनी दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत) दहा मिनिटं यासाठी काढावीत: मिळालेली रक्कम, झालेला खर्च, शिल्लक, कीर्दीची शेवटची तारीख. कीर्द दोन महिने मागे पडली की ती आठवणीतून लिहिली जाते आणि आकडे तिथेच बिघडायला लागतात. ज्या शाळेत मुख्याध्यापक एकटेच शिक्षक आहेत, तिथे शेजारच्या मोठ्या शाळेतल्या लिहित्या शिक्षकाला महिन्यातून एक दुपार पाठवण्याची व्यवस्था केंद्रप्रमुखांनीच लावून द्यावी.